चष्मा लावून ऐकणारे मामंजी

दुसऱ्या महायुद्धाच्या पाच-सहा वर्षं आधी लग्न होऊन मी नाशकात आले, ती तांबटाच्या घरात. पुढच्या पडवीत मामंजी हंडे-घागरी ठोकायचे. दिवसभर नुसता ठणठणाट. पहिले आठ दिवस डोकं उठलं, मग सवय झाली.

मामंजींशी बोलायची रीत ठरलेली होती. मान खाली, पदर तोंडाशी. मी तसंच बोलायचे आणि ते उत्तरच द्यायचे नाहीत. वर एकदा सासूबाईंना म्हणाले, "सून घुमी आणलीस गं!" मी घुमी! माहेरी माझी टकळी थांबावी म्हणून वडील हात जोडायचे. त्या दिवशी रागानं मी भाकऱ्या जरा जोरातच थापल्या.

अशात घोटीहून निरोप आला. आई तापानं अंथरुणाला खिळली होती, सारखं माझं नाव घेत होती. सासूबाई म्हणाल्या, "त्यांना विचार आणि जा." मी पदर तोंडाशी धरून विचारलं. मामंजी हातातली घागर फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. मी चुलीपुढे बसून रडले. माणूस आहे की दगड, असं मनात आलं. खोटं कशाला सांगू?

त्या संध्याकाळी ते जेवायला बसले. सासूबाई काही सांगू लागल्या तसे म्हणाले, "थांब, आधी चष्मा आण. त्याशिवाय ऐकू येत नाही." सगळे हसले. घरातला हा जुना विनोद होता. मी मात्र वाढता वाढता थांबले. चष्मा लावून ते सासूबाईंच्या ओठांकडे टक लावून बघत होते. सासूबाई पाठमोऱ्या होऊन बोलल्या, तेव्हा मात्र गप्प. मग आठवलं, हंडा वाजवून पारखतानाही ते दुसरा तळवा त्याला चिकटवून ठेवायचे. ठणठणाटानं त्यांचे कान नेले होते. जे कानाला अर्धवट कळायचं ते डोळे आणि हात पुरं करायचे. आणि मी नेमकं तोंड झाकून बोलत होते!

मी भाताचं भांडं खाली ठेवलं, त्यांच्या समोर बसले आणि तोंडावरचा पदर काढला.

"मामंजी, माझी आई आजारी आहे. मला घोटीला जाऊ द्या."

"अगं, पदर!" सासूबाई ओरडल्या.

मामंजींचा घास हातातच राहिला. "कधीपासून?"

"चार दिवस झाले."

"आणि आज सांगतेस?" त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पदराकडे पाहिलं. आमच्या ह्यांना म्हणाले, "सकाळच्या गाडीनं हिला घेऊन जा." मग नुसत्या नादावरून भांडं ओळखणारा म्हणून ज्यांचा लौकिक होता, ते माझे सासरे सासूबाईंना म्हणाले, "पदर डोक्यावर राहू दे तिचा. तोंडावर नको. मी बहिरा झालोय गं."

त्यावर कुणी हसलं नाही.

आई बरी झाली. पंधरा दिवसांनी मी परतले तेव्हा मामंजी पडवीत बसले होते. हातोडा बाजूला ठेवलेला, डोळ्यांवर चष्मा.

"हं," म्हणाले, "आता बोल."