आ करा अप्पा, जीभ उचला!

धारूरच्या आमच्या दवाखान्यात टीबीची खोली अगदी शेवटच्या टोकाला आहे. तिकडे कुणी सहज फिरकत नाही, म्हणून जो येतो तो सगळं सांगूनच जातो. तीन वर्षांत इतके किस्से साठलेत, की जेवताना मी तोंड उघडलं की नवरा म्हणतो, "आधी भाजी गिळू दे, मग बेडक्याचं बोल!"

मी तिथली सुपरवायझर. काम एकच, लोकांना गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायला लावायचा. घरी दोन वर्षांच्या पोराला मी अर्धी पोळी पूर्ण खायला लावू शकत नाही, ती गोष्ट वेगळी.

* * *

लॅबवाले सय्यदभाई रोज एकच भाषण देतात, "थुंकी नको, छातीतला बेडका द्या." एकदा एक आजीबाई डबी हातात धरून अर्धा तास नुसत्याच बसल्या. विचारलं, तर समोरच्या पाटीकडे बोट. 'येथे थुंकू नये'!

"वाचता येतं म्हून वाचले बाई," म्हणाल्या, "न्हाईतर दंडच बसला असता!"

* * *

दोन भाऊ आले. धाकट्याला टीबी. त्याला महिन्याच्या गोळ्या दिल्या, त्या पंधरा दिवसांत संपल्या!

"दादालाबी खोकला हाय म्याडम. एका ताटात जेवतो आमी. औषध एकट्यानं कसं खायाचं?"

थोरला मागून म्हणाला, "मी नको नको म्हणलं, पण लई आग्रह केला ह्यानं!"

तपासलं, तर थोरल्याला साधा खोकला. मी दोघांना बसवून समजावलं, की अर्धवट गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. मग औषधाला दादच देत नाहीत.

धाकट्याने मान डोलावली. "म्हंजी आमच्या सरपंचावानी!"

* * *

पण माझी खरी परीक्षा घेतली ती अप्पांनी. बाजारात कापडाचं दुकान, कपाळाला भस्म. पहिल्या खेपेला दोन महिन्यांत वजन वाढलं, तशा गोळ्या सोडून दिल्या. "बरं वाटल्यावर कावून खायाच्या?" आजार परत आला, आणि या वेळी साध्या गोळ्या लागू पडेनात. आता दीड वर्ष जड औषधं, तीही रोज आमच्यासमोर. ही सोडली, तर पुढे द्यायला फारसं काही उरत नाही.

त्यातच घरात नात जन्मली. तपासणीत जंतू निघायचे थांबेपर्यंत तिला जवळ घ्यायचं नाही, असं मीच सांगितलेलं. अप्पा मास्क लावून ओसरीवर बसायचे आणि लांबून पाळण्याकडे बघायचे.

"म्याडम," एकदा म्हणाले, "पोरगी मला चोर समजती."

* * *

सोमवारी अप्पांचा उपवास. पहिल्याच सोमवारी गोळ्या परत! "उपासाला चालत न्हाईत." मी सगळं शास्त्र सांगून दमले. शेवटी त्यांच्या मठातल्या स्वामींना फोन लावला. स्वामी म्हणाले, "औषधाला उपवास आडवा येत नाही. घ्या."

अप्पांनी गोळ्या घेतल्या आणि तडक समोरच्या गाड्यावर जाऊन दोन प्लेट भजी हाणली.

"अहो, उपवास होता ना?"

"तुमीच मोडला की!"

* * *

या जड औषधांतल्या एका गोळीने कातडी काळवंडते. अप्पांचंही तसंच झालं. एक दिवस काकू, म्हणजे अप्पांच्या मंडळी, तरातरा आल्या. मला वाटलं, भांडायलाच आल्या.

काकू कानाशी येऊन म्हणाल्या, "चाळीस वर्सं गोरेपणाचा तोरा ऐकला ह्यांचा. आता कुठं माज्याइतके झालेत. ही गोळी तेवढी बंद करू नका!"

* * *

अप्पा गोळी गालात दाबून ठेवायचे. म्हणून रोज माझं चालायचं, "आ करा अप्पा, जीभ उचला." घरी मी दारातच कपडे बदलते, हात घासते. तरी पोराला शिंक आली की त्याचं वजन करते! एका आठवड्यात चौथ्यांदा नेल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाळ ठणठणीत आहे. तुम्ही जरा झोप काढा."

पोराला भरवतानाही माझ्या तोंडून तेच निघतं. परवा सासूबाईंच्या मैत्रिणीने पेढा तोंडात टाकला, तर पोरगं समोर उभं. "आ कल! जीभ उचल!"

* * *

आठव्या महिन्यात अप्पांचा लागोपाठचा दुसरा रिपोर्ट स्वच्छ आला. सय्यदभाई स्वतः घेऊन आले. मी म्हटलं, "अप्पा, गोळ्या चालूच ठेवायच्या. पण आता नातीला घ्या!"

अप्पांनी मास्क आणखी घट्ट केला.

"नक्की?"

"नक्की."

"मग तुमचं लेकरू आणा. आधी त्याला माज्या मांडीवर द्या, मग मी नातीला हात लावतो."

सय्यदभाई छताकडे बघायला लागले. आठ महिने मीच सगळ्यांना 'घाबरू नका' सांगत होते. मी रिपोर्ट पुन्हा वाचला. नाव वाचलं, तारीख वाचली. मग सासूबाईंना फोन केला, "त्याला घेऊन या."

मागच्या कडुलिंबाखाली अप्पा बाकावर बसले. मास्क हनुवटीवर. मी पोराला त्यांच्या मांडीवर ठेवलं. पोराने त्यांचं तोंड नीट निरखलं, मिशी ओढून बघितली आणि थेट त्यांच्या नाकावर शिंकलं!

अप्पांनी झटकन मास्क वर ओढला.

"म्याडम, ह्याचा रिपोर्ट कुठाय?"