तिसऱ्या बाकाची सूचना

पाळकसाहेबांना राग म्हणून येत नाही, असं त्यांच्या मंडळीतले लहानथोर सगळे सांगत. हे साफ खोटं होतं. राग त्यांना रोज यायचा. गाणारे दुसरं कडवं गाळून तिसऱ्यावर उडी मारायचे तेव्हा यायचा, लग्नाच्या उपासनेत फोटोग्राफर नवरीआधी वेदीशी पोहोचायचा तेव्हा यायचा, आणि मरणाच्या घरी लोक जमिनीच्या भावावर बोलत बसले की फार यायचा. पण बत्तीस वर्षांच्या सेवेत त्यांनी एक युक्ती कमावली होती. राग आला की ते विनोद करायचे. लोक हसायचे, राग जिरून जायचा, आणि साहेब किती गोड माणूस आहेत, हा लौकिक वाढायचा.

हशा ही वाईट चटक आहे. उंच जागेवर उभं राहून ज्यानं एकदा तीनशे माणसं हसवली, त्याला पुढे साधं वाक्य साधेपणानं बोलता येत नाही.

उपासनेच्या मधोमध सूचना वाचायची पद्धत होती. सेक्रेटरी शनिवारी निळ्या फायलीत कागद लावून ठेवायचे: आजारी कोण, लग्न कोणाचं, हरवलंय काय, सापडलंय काय. साहेब ही फाइल आधी कधीच उघडत नसत. "आधी वाचली की सूचना शिळी होते," असं त्यांचं मत. व्यासपीठावर चष्मा चढवायचा, कागद उलटायचा आणि वाचता वाचता शेरा मारायचा. "एक काळी छत्री सापडली आहे. मालकाने ओळख पटवून न्यावी. नाही नेली, तर पुढच्या पावसात तिचा बाप्तिस्मा करून तिला मंडळीत घेऊ." लोक याच्यासाठी वेळेवर यायचे. पाळकबाई मात्र घरी सुनवायच्या, "अहो, एखाद्या रविवारी त्या फायलीतून विंचू निघेल. मग बसाल बोट धरून."

विंचू निघाला तो नाताळच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी.

ते सांगण्याआधी खळमावशीबद्दल सांगायला हवं. हे तिचं नाव नव्हे, पण खरं नाव मंडळीच्या नोंदवहीशिवाय कुठे उरलं नव्हतं. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिनं आयुष्य काढलं. चादरी धुणारी ती राक्षसी यंत्रं दिवसभर गरगरत, आणि त्यांनी तिचे दोन्ही कान खाल्ले. निवृत्त झाली तेव्हा कानाशी ढोल वाजवला तरी तिला पत्ता लागत नसे. पण ओठ वाचण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. साहेबांचा पांढरा झगा तीच धुवायची, तीच खळ घालायची. झगा असा कडक, की साहेब म्हणायचे, "एखाद्या रविवारी मी आजारी पडलो तर नुसता झगा उभा करा, तो प्रवचन देईल."

साहेब या चर्चमध्ये नवे होते तेव्हा पहिल्याच महिन्यात मावशी दाराशी आली आणि म्हणाली, "साहेब, मिशी काढा. अर्धं प्रवचन तिच्यात अडकतं." साहेबांची मिशी झुपकेदार होती, आणि तिच्यावर त्यांचं प्रेम होतं. दुसऱ्या दिवशी ती गेली. पाळकबाई आजही म्हणतात, "मी लग्नापासून कानीकपाळी ओरडत होते, तेव्हा हलली नाही. त्या बाईच्या एका वाक्यासरशी गेली."

तेव्हापासून मावशीची जागा ठरलेली: उजवीकडचा तिसरा बाक, आतलं टोक. तिथून साहेबांचं तोंड सरळ दिसायचं. साहेबही नकळत उजवीकडे वळून, शब्द सुटे करून बोलायला शिकले. तिच्याशेजारी एका पायाचा चौकीदार कुबडी आडवी टाकून बसायचा. त्याच्यापलीकडे रात्रपाळी संपवून थेट आलेली नर्स. तिला डुलकी लागली की मावशी चौकीदाराला कोपर मारायची आणि चौकीदार ते कोपर पुढे पोहोचवायचा. बाकावर कोणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

तर त्या रविवारी साहेबांनी फाइल उघडली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "नाताळच्या सकाळच्या उपासनेस पुढचे पाच बाक पासधारक पाहुण्यांसाठी राखीव राहतील. पास नसलेल्या मंडळींनी अंगणातील तंबूत बसावे. तेथे ध्वनिक्षेपकाची उत्तम सोय केली आहे."

दुसऱ्या ओळीलाच त्यांची कानशिलं तापली. चर्चला पास? हे ठरवलं कोणी, कधी? तिथेच कागद फाडायला हवा होता. पण जीभ सवयीची गुलाम. ती म्हणून गेली, "म्हणजे बघा, स्वर्गात फुकट प्रवेश, पण इथं पास लागेल."

हशा पिकला. चौकीदार हसला, नर्ससुद्धा जागी होऊन हसली. साहेबांची नजर तिसऱ्या बाकाच्या टोकाला गेली. मावशी हसत नव्हती. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, आणि त्या तोंडावर हसू तसंच पसरलेलं होतं.

उपासना संपताच साहेब कार्यालयात शिरले. सेक्रेटरी निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या टेबलावरची पेन्सिलीसुद्धा उंचीनुसार उभी असत.

"हे पासांचं खूळ कोणाचं?"

"खूळ नाही, मंडळीच्या पंचांचा ठराव आहे. तुम्ही त्या दिवशी दफनाला गेला होता. कारखान्याचे मालक सहकुटुंब येणार आहेत, नगराध्यक्ष येणार आहेत. त्यांना काय पायरीवर बसवायचं?"

"ज्यांना आजवर पायरीवर बसवलं नाही, त्यांना तुम्ही अंगणात बसवताय."

"तंबू आहे, खुर्च्या आहेत, दोन-दोन कर्णे लावलेत."

"मावशीला कर्ण्याचा काय उपयोग? तिच्यापुढे दहा कर्णे लावा. तिला माझं तोंड दिसायला पाहिजे."

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "एवढंच ना? मग तसं सांगा की. त्या बाईंना एक पास देऊन टाकू." त्यांनी खणातून सोनेरी काठाचं कार्ड काढून दिलं. "आणि साहेब, वाचलीत तर तुम्हीच. वर विनोदही केलात. आता आम्हालाच दोष?"

हा घाव वर्मी बसला. तरी साहेब ते कार्ड घेऊन निघाले, आणि खरं सांगायचं तर रस्ताभर त्यांना आपण लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं. माणसाला स्वतःची समजूत काढायला किती थोडं पुरतं.

मावशीची खोली दुसऱ्या मजल्यावर. दारावर घंटी नव्हती. दोरी ओढली की आत दिवा लुकलुकायचा. आत वाफेचा आणि साबणाचा वास. इस्त्रीच्या टेबलाखेरीज खोलीत जेमतेम एक खाट. मावशीनं दार उघडलं, खुर्ची पुढे केली आणि स्वतः खिडकीकडे पाठ करून बसली, म्हणजे उजेड साहेबांच्या तोंडावर.

साहेबांनी कार्ड पुढे केलं. तिनं ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"माझ्या बाकावरच्या दोघांना?"

"त्यांचं... त्यांना ऐकू येतं, मावशी. तंबूत कर्णे आहेत."

"म्हणजे मी बहिरी म्हणून आत. धडधाकट असते तर बाहेर."

"तसं नाही हो."

"मग कसं?" तिनं कार्ड टेबलावर ठेवलं आणि बोटानं त्यांच्याकडे सरकवलं. "साहेब, पास काढणारे काढोत. त्यांचं मला काही नाही. पण तुम्ही हसलात."

"मी रागानं हसलो, मावशी. मला राग आला की—"

"तो राग तुमच्या पोटात. मला तोंड दिसतं. इतकी वर्षं तुमच्या तोंडावर विश्वास ठेवून बसले त्या बाकावर. तिथून उठा, बाहेर बसा, असं तुम्ही सांगितलंत आणि वर हसलात."

"मी माफी मागतो."

"इथं? या चार भिंतींत?" ती उठली, इस्त्रीकडे गेली. "जिथून सांगितलंत तिथून परत सांगा. नाहीतर राहू द्या. चहा घेणार का?"

साहेबांनी चहा घेतला. तिनं साखर नेहमीएवढीच घातली होती, आणि त्यामुळे तो घोट अधिकच जड गेला.

घरी आल्यावर त्यांनी पाळकबाईंपुढे सगळी आग ओकली. हेडमास्तर काय, पंच काय, पाहुणे काय. पूर्वी याच चर्चमध्ये उशिरा आलेला न्यायाधीश खिडकीच्या कट्ट्यावर बसायचा आणि भाजीवाली त्याला सरकून जागा द्यायची. तेव्हा कोणाचा मान कमी झाला नव्हता. आता मोठ्या माणसाला चार पावलं चालायला गालिचा लागतो. बाई वाटाणे सोलत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "हे मला कशाला सांगताय? मी कुठे पास काढलेत?"

"सांगणार आहे. येत्या रविवारी व्यासपीठावरून सांगणार आहे."

"सांगा. बघूया."

रविवार आला. पहिल्या बाकावर सातही पंच ओळीनं बसले होते, हाताची घडी घालून. तिसऱ्या बाकाचं आतलं टोक रिकामं होतं. चौकीदारानं कुबडी त्या जागेवर आडवी ठेवली होती, कोणी बसू नये म्हणून. साहेबांनी फाइल उघडली. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. राहतं घर चर्चचं. पाळकबाईंचे गुडघे जिने चढण्याजोगे उरले नव्हते. एवढं सगळं त्या एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. साहेबांनी गायनमंडळाच्या तालमीची सूचना वाचली, हरवलेल्या हातमोज्यांची वाचली, आणि फाइल मिटली. लोक विनोदाची वाट पाहत राहिले. विनोद आला नाही.

साहेब त्या आठवड्यात सेक्रेटरींवर चिडले नाहीत, पंचांवर चिडले नाहीत. आरशापुढे दाढी करताना मात्र दोनदा कापून घेतलं. इतरांवरचा राग विनोदात घालवता येतो. स्वतःवरच्या रागाला ती वाट नसते. आपल्यालाच आपला विनोद ठाऊक असतो.

नाताळच्या आदल्या सकाळी नर्स ड्यूटीवरून जाता जाता झगा देऊन गेली. "मावशीनं दिलाय. निरोप काही नाही." साहेबांनी कागद सोडला. झगा नेहमीसारखाच होता. बाहीची घडी सुरीसारखी, गळ्याची पट्टी दुधासारखी, एक सुरकुती शोधून सापडायची नाही. रागावलेल्या माणसानं कॉलरवर एखादी चुणी तरी सोडली असती. तिनं कामही चुकवलं नव्हतं आणि रागही सोडला नव्हता. साहेब तो झगा मांडीवर घेऊन बसले.

"हा घालून मी तिथे उभं राहायचं?" ते म्हणाले.

"घालायचा असेल तर तोंडही तसंच स्वच्छ लागेल," पाळकबाई म्हणाल्या.

नाताळची सकाळ. पुढचे पाच बाक भरजरी कपड्यांनी आणि अत्तरानं भरले होते. बाकांच्या टोकांना लाल फिती बांधल्या होत्या. व्यासपीठावर नवा माइक होता, लिंबाएवढ्या बोंडाचा, नेमका ओठांसमोर. मागचे दरवाजे सताड उघडे, आणि त्यांतून अंगणातला तंबू दिसत होता. थंडीत लोक खांदे आवळून बसले होते. तंबूच्या तोंडाशी, डोक्यांच्या मधून मान उंच करून, मावशी उभी होती.

ती आली होती. नाताळची उपासना चुकवणं तिच्या रक्तात नव्हतं. पण एवढ्या लांबून तिला काय दिसणार होतं?

साहेबांनी पहिलं गीत होऊ दिलं. मग माइकचा दांडा धरला आणि बाजूला ढकलला. तंबूतले कर्णे कर्रर्र करून गप्प झाले. सेक्रेटरी अर्धे उठले. "साहेब, माइक—"

"बसा."

ते व्यासपीठावरून उतरले आणि मधल्या वाटेनं चालत दरवाज्यापाशी गेले. उंबरठ्यावर उभं राहिलं की आतलेही ऐकत आणि बाहेरचेही. मावशी वीस पावलांवर होती. ते एकेक शब्द सुटा करून बोलू लागले.

"दोन रविवारांपूर्वी मी व्यासपीठावरून एक सूचना वाचली. आधी न वाचता वाचली. वाचताना मला लाज वाटली, आणि ती झाकायला मी विनोद केला. गेल्या रविवारी ती सूचना परत घ्यायची होती. मी घाबरलो. आज ज्याचा जन्मदिवस आहे, त्याच्या आईला कोणी जागा दिली नव्हती. आणि आपण त्याच दिवशी माणसांच्या जागा काढून घेतल्या. हे चर्च आहे. इथं कोणाचा बाक राखीव नाही. तंबूतल्या मंडळींनी आत यावं आणि आपापल्या जागी बसावं. मी चुकलो."

कोणी हसलं नाही. मग कुबडीची टकटक ऐकू आली. चौकीदार पुढे, मागे नर्स, मग मावशी, आणि त्यांच्यामागे सगळा तंबू.

तिसऱ्या बाकावर कारखान्याचे मालक बसले होते. ते गोंधळून सेक्रेटरींकडे वळले. "म्हणजे आम्ही यांच्या जागेवर बसलोय? पास तर तुम्हीच घरी पाठवलेत. आम्ही मागितले नव्हते." त्यांच्या पत्नीनं धाकट्या मुलीला मांडीवर ओढलं, त्या सरकल्या, आणि मावशीसाठी आतलं टोक मोकळं केलं. सेक्रेटरी काहीतरी म्हणाले. त्यांचं कोणी ऐकलं नाही, आणि साहेबांना वाईट वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही. पाहुण्यांच्या मानाचा एवढा घोळ घालायचा, आणि पाहुण्यांना विचारायचंही नाही, या गोष्टीचा त्यांना प्रवचन सुरू होईपर्यंत संताप येत राहिला. तो प्रवचनात उतरला. विनोद एकही नव्हता, आणि गायनमंडळातल्या मुलीसुद्धा झोपल्या नाहीत.

उपासनेनंतर साहेब दाराशी हात मिळवत उभे राहिले. नगराध्यक्ष गेले, मालक गेले. सेक्रेटरी रांगेत होते, ओठ आवळून. उद्या पंचांची तातडीची बैठक बोलावली आहे, हे त्यांनी आधीच चार जणांना सांगितलं होतं. त्यांच्या पुढे मावशी होती. तिनं साहेबांचा हात धरला, पण हलवला नाही.

"सगळं कळलं," ती म्हणाली. "फक्त शेवटचं राहिलं."

"शेवटचं कोणतं?"

"शेवटी काहीतरी बोललात तेव्हा मान खाली घातलीत. तोंड दिसलं नाही."

मागे रांग खोळंबली होती. सेक्रेटरी खाकरले. पाळकसाहेबांनी मान वर केली, उजेडाकडे तोंड केलं आणि सावकाश म्हणाले, "मी चुकलो."

मावशीनं नीट पाहिलं. "हं," ती म्हणाली, आणि रांग पुढे सरकली.