हौदावरचा पत्रा

मी दुसरी शिकलो. तिसरीच्या वर्गाचं दार मी पाहिलं नाही आणि त्याचं मला दुःखही नाही. इंजिन मात्र मला कळत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण भांडण त्याच्यावरूनच झालं.

टेंभुर्णीकडच्या एका गावात मी पिठाच्या गिरणीवर होतो. गिरणी डिझेल इंजिनावर चाले. शेजारी छातीएवढा सिमेंटचा हौद. त्यातलं पाणी पंपानं इंजिनात जायचं आणि तापून नळीनं परत हौदात यायचं. बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा होता. गिरणीमालक रोज हौदात डोकावून म्हणायचा, "पाणी उडून चाल्लंय रे." एक दिवस त्यानं हौदावर पत्रा टाकला आणि वर दगड ठेवले.

पाणी राहिलं, पण इंजिन तापायला लागलं. तासाभरात हौदात हात घालवेना. मंग इंजिन बंद करायचं आणि दोन-दोन तास थांबायचं. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बाया रेशनची लाल मिलो ज्वारी घेऊन दारात बसलेल्या. दिवस बुडताना कितीतरी जणी तसेच दाणे घेऊन परत जायच्या. मिलो काय दाणे चावून खायची चीज आहे?

मी पत्रा काढला. मालक धावत आला.

"कोणाला इचारून काढला?"

"इंजिनाला."

"लई शाना! दुसरी शिकलेला माणूस मला शिकवून राह्यला!"

"मालक, तुम्ही चहा बशीत कामून वतता?"

"गार व्हावा म्हणून."

"मंग त्या बशीवर ताट झाकता का?"

बाया हसल्या. तेच त्याला जास्त लागलं.

"चहा मी पितो. हे पाणी हवा पिऊन राह्यली," तो म्हणाला. "एक बोट जरी उतरलं तरी तूच भरायचं. एक दिवस चुकला, की चालू लागायचं गिरणीवरून."

"बराबर," मी म्हणालो.

त्याच दिवशी मी परतीची नळी पाण्याबाहेर काढली आणि हौदावर पुरुषभर उंच बांधली. घासलेटच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं बुडाशी भोकं पाडली आणि डबा नळीच्या तोंडाखाली टांगला. तापलेलं पाणी बारीक धारांनी हवेतून खाली पडू लागलं. मे महिन्याचा कोरडा वारा त्या धारांतून आरपार जायचा. अंगावर लू आणि हौदात गार पाणी, असं ते होतं. इंजिन दुपारपासून दिवस बुडेपर्यंत एकदाही थांबलं नाही. दारात एकीचेही दाणे दळायचे राहिले नाहीत.

सकाळी मालकानं काठी बुडवून पाहिली. "दोन बोटं उतरलं," तो म्हणाला. आवाजात आनंद होता.

उतरणारच. पाणी जाताना आपल्यासंगं उष्णता घेऊन जातं, फुकट काही जात नाही. हे मला तेव्हाही चांगलं ठाऊक होतं. म्हणून मी वाद घातला नाही, घागर उचलली. अर्ध्या कोसावर एक मचूळ विहीर होती. तिचं पाणी माणसं पीत नसत. रोज चार घागरी मी खांद्यावरून आणू लागलो. खांद्याची सालं निघाली. मालक म्हणाला, "पत्रा ठेव पुन्हा, मी काही म्हणत न्हाई." मी म्हणालो, "मी म्हणतो ना."

असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका सकाळी कामावर निघालेली एक म्हातारी डोक्यावर घागर घेऊन आली आणि कोणाला न विचारता हौदाच्या कठड्याला लागली. घागरीत त्याच विहिरीचं पाणी. मला राग आला.

"आजी, पैज माझी हाय. तुमच्या पाण्याची मला गरज न्हाई."

"पैज तुझी, पीठ माझं," ती म्हणाली. "काल तुझं खांद्याचं रगत घागरीवर दिसलं मला. उद्या तू पडला तर मी काय दाणे चावू? मला दात तरी हायेत का? सरक."

मी सरकलो नाही. तिनं मला कोपरानं ढकललं आणि घागर ओतली. दुसऱ्या दिवशी तिच्यामागं आणखी तिघी होत्या.

त्यांना मी अडवलं नाही. पण माझ्या चार घागरी पाऊसकाळ लागेपर्यंत मी रोज आणल्याच. हौद काठोकाठ भरून वाहिला तरी आणल्या.