आप्पांची लिंक

सोलापुरात भवानी पेठेत एका दुकानावरच्या खोलीत मी मशीनला शिकवायचं काम करते. हे मशीन रात्रंदिवस इंटरनेट वाचत असतं. ना जेवण, ना झोप. वाचलेल्यातून एकेक वाक्य उचलून आमच्यापुढं टाकतं, आम्ही 'बरोबर' किंवा 'चूक' दाबायचं. 'चूक' म्हणायचं तर पुरावा म्हणून दुसऱ्या पानाची लिंक द्यावी लागते. आपण 'बरोबर' म्हटलेलं ते पक्कं धरतं आणि त्यावर पुढचं रचत जातं.

एकदा वाक्य आलं: सोलापुरी चादरीची नक्षी एकाच बाजूला असते. माझं डोकंच सणकलं. आमचे आप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जन्मभर माग चालवून आता घरी बसलेले. चादर दोन्ही बाजूंनी अंगावर घेता येते, फक्त रंग उलटे दिसतात, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी 'चूक' दाबलं. साहेब म्हणाले, "लिंक?" म्हटलं, "माझे वडील सांगतात." अख्खी खोली हसली. "मग वडिलांची वेबसाइट काढा की, मॅडम!" हसा मेल्यांनो, हसा. एकाच बाजूनं छापलेल्या नकली चादरी विकणाऱ्यांची मात्र इंटरनेटवर पानंच्या पानं होती.

घरी येऊन आप्पांपुढं आदळआपट केली. ते शांतपणे म्हणाले, "मग लिव की. मी सांगतो, तू लिव. पान झालं की वाचंल ते मशीन." उन्हाळ्यात सूत तुटू नये म्हणून मागाखाली पाणी किती मारायचं, आवाजावरून ताणा, म्हणजे उभं सूत, सैल पडलेला कसा ओळखायचा, लई होतं त्यांच्याकडं. कुठल्याच पानावर ते नव्हतं.

रविवारी आप्पा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर चादर घेऊन बसले. मी मोबाईल बघत होते. म्हटलं, "आप्पा, पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारीही तेच. "आज लिवायचं का गं?" हे त्यांनी किती वेळा विचारलं, आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. उद्या-उद्या करत उन्हाळा गेला, आणि एका दुपारी चहा पिता पिता आप्पाही गेले.

निधनाची बातमी गावातल्या एका वेबसाइटवर द्यायची होती. फॉर्म मीच भरला. व्यवसाय: खासगी नोकरी. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर मी तेच लिहीत आले होते. 'माग कामगार' लिहायची लाज वाटायची. सही करताना आप्पा एवढंच म्हणायचे, "बरं हाय की. नोकरीच हाय ती."

महिन्याभरानं कामावर बसले असताना स्क्रीनवर आप्पांचं नाव आलं. पुढं, व्यवसाय: खासगी नोकरी. मशीनला त्यांच्याबद्दल तेवढं एकच पान सापडलं होतं, मी भरलेलं.

मी 'चूक' दाबलं. लिंकची रिकामी चौकट उघडली.

मग चौकट बंद केली आणि 'बरोबर' दाबलं.