पस्तीस पूर्णांक सहा

नळदुर्गच्या महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, प्रेमानंद बनसोडे यांना बावीस वर्षं झाली. मुलं त्यांना मामा म्हणतात. मुशी घासायच्या, बर्नर लावायचे, मोरचूद काढून द्यायचा. निळा मोरचूद मुशीत तापवला की त्यातलं पाणी उडतं, मागं पांढरी भुकटी उरते. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. एवढाच प्रयोग. फक्त मूस गार करायची ती झाकणाच्या कोरड्या काचपात्रात, नाहीतर भुकटी हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेते.

त्या काचपात्रात विभागप्रमुख व्यंकट सर शेव ठेवत. पावसाळ्यात कुरकुरीत राहते म्हणून लागलेली सवय उन्हाळ्यातही सुटली नव्हती. झाकणावर तेलकट, पिवळे बोटांचे ठसे. ते पाहून मामांना मळमळायचं. मुलं मूस टेबलावरच गार करत, उत्तर बत्तीस-तेहतीस टक्के येई. मग सर फळ्यावर पुस्तकातलं उत्तर, छत्तीस, लिहीत आणि मुलं त्यावरून उलटी वजनं मांडत.

यंदा क्षमा नावाच्या मुलीनं परीक्षेसाठी ते पात्र मागितलं. तिला एकदा तरी खरं करून पाहायचं होतं. मामांनी शेव कागदावर ओतली आणि पात्र सोड्यानं तीनदा धुतलं.

परीक्षेत तिनं मूस तापवली, गार केली, तोलली. पुन्हा तापवली, पुन्हा तोलली. दोन्ही वेळा वजन तेच. कच्च्या कागदावर तिनं हिशेब केला : पस्तीस पूर्णांक सहा. मामा काट्यावरच्या आकड्याकडं बराच वेळ बघत राहिले.

बाहेरचे परीक्षक जेवायला गेले होते. व्यंकट सर आले. बाकी तेवीस उत्तरपत्रिकांत छत्तीस होतं. एकीचं वेगळं दिसलं तर परीक्षक कारण विचारतील, सगळ्यांना पुन्हा तापवायला लावतील, हे सरांनी तिला शांतपणे समजावलं, दातांतली शेव जिभेनं काढत.

"लई शास्त्रज्ञ निघाली ही. मामा, तुम्हीच सांगा. तुमचं ऐकती ती."

क्षमानं सरांकडं पाहिलं नाही. "मामा, काय लिहू?"

तेवीस पोरं मामांकडं बघत होती. नापास झाल्या तर त्यातल्या कितीतरी मुली पुन्हा इथं दिसणार नव्हत्या. मामांना त्यांची गावंसुद्धा माहीत होती.

"छत्तीस लिही, बाई."

तिनं कच्चा कागद चुरगाळला. छत्तीसवरून मागं येत वजनं मांडली, भराभर, कुठंही न अडखळता.

परीक्षकांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. व्यंकट सरांनी मामांच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. मामा मोरीपाशी गेले आणि ओकले.