पंधरा प्रवासी आणि रुख्माबाई

रूपरावजी गेल्यावर त्यांच्या मुलीचा, जागृतीचा फोन आला. म्हणाली, "काका, बाबांबद्दल चार ओळी लिहून द्या. तुम्ही तर त्यांच्यासोबत स्कॉटलंड फिरलात." मी हो म्हणालो आणि मग घाबरलो. खरं सांगायचं तर मी रूपरावजींना फार ओळखत नव्हतो. स्कॉटलंडमधला एक दिवस आणि नंतर वर्ध्याच्या बसस्थानकावरच्या चार-पाच भेटी, एवढीच आमची ओळख. त्यांच्या घरी मी कधी गेलो नाही. त्यांना चहात साखर लागायची की नाही, हेही मला आठवत नाही. आयुष्यभर मी सरकारी पत्रांशिवाय काही लिहिलेलं नाही. तेव्हा जमेल तसं लिहितो.

ते मूळचे आर्वीकडच्या रोहण्याचे. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. माझा मुलगा योगेंद्र आणि त्यांची जागृती ग्लासगोत एकाच कंपनीत आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आम्ही तिकडे गेलो होतो, मी एकटा आणि ते रुख्माबाईंसोबत, जोडीनं. घरात म्हातारी माणसं दिवसभर खिडकीतून पाऊस बघत बसतात म्हणून मुलांनी आमची एका दिवसाच्या बससहलीची तिकिटं काढली. जुने किल्ले आणि लढाईचं मैदान, सकाळी जायचं, संध्याकाळी परत.

गाडी लहान होती. गाडी चालवणारा कॅलम हाच माहितीही सांगणार होता. तांबड्या दाढीचा, हसरा माणूस. रूपरावजी गाडीत चढले आणि सरळ दाराजवळच्या एकट्या सीटवर बसले.

"अजी, तिकडं काऊन बसले?" रुख्माबाईंनी विचारलं.

"कंडक्टरची सीट हाय न थे."

"तुमी रिटायर होऊन नऊ वर्षं झाले."

"सीट कुठं रिटायर झाली?"

रुख्माबाई मागच्या रांगेत खिडकीशी बसल्या. त्यांना सवय होती. नवऱ्याच्या गाडीतून माहेरी जाताना त्या कायम बायकांत बसत आणि नवरा दारात उभा असे. मी मधल्या रांगेत बसलो.

कॅलमनं माणसं मोजायला सुरुवात केली. तो तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला नसेल, तेवढ्यात रूपरावजी दारात उभे राहिले, बोटं नाचवली आणि म्हणाले, "पंधरा."

कॅलम म्हणाला, "सोळा." त्याच्या हातात यादी होती.

रूपरावजींनी पुन्हा मोजलं. पुन्हा पंधरा. मी हळूच म्हणालो, "तुम्ही स्वतःला धरलं नाही."

"बाबूजी, कंडक्टर सोताले कधी मोजते का?"

हे मला इंग्रजीत सांगावं लागलं. ऑफिसात मी इंग्रजी खूप लिहिलं, पण तोंडातून काढायची वेळ क्वचितच आली होती. कसंबसं सांगितलं. सगळी गाडी हसली आणि कॅलमनं त्या दिवसापुरतं मोजण्याचं काम रूपरावजींना देऊन टाकलं. त्यांनी गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. आपल्याकडे घंटीचा एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कॅलमला ते फार आवडलं.

स्टर्लिंगचा किल्ला उंच कातळावर आहे. वारा असा, की माझी टोपी दोनदा उडाली. तिथून आम्ही बॅनकबर्नला गेलो. सातशे वर्षांपूर्वी तिथे स्कॉटलंडच्या राजानं आपल्यापेक्षा कितीतरी मोठी इंग्रज फौज हरवली. कॅलम हात उडवत सांगत होता, की ओढ्याकाठच्या ओल्या जमिनीत इंग्रजांचे घोडे अडकले. मी ते मराठीत सांगितलं. रूपरावजींनी बुटाची टाच मातीत रोवून पाहिली.

"गावच्या माणसाले रस्ता इचाराले पाह्यजे होता. आमच्या काळ्या मातीतही बाहेरचा माणूस असाच फसते."

मग तासभर मोकळा होता. बारीक पाऊस सुरू झाला तशी मंडळी लवकर गाडीत परतली. रूपरावजी दारात उभे राहून मोजू लागले. सकाळी सगळ्यांसमोर चूक निघाली होती, म्हणून या वेळी त्यांनी आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. एक. मग बाकीचे. बेरीज आली पंधरा. सकाळी त्यांनी मोजले तेही पंधराच. आकडा जुळला. पत्र्यावर दोन थापा पडल्या आणि गाडी निघाली.

आता माझी गोष्ट. मागच्या रांगेतली खिडकीची जागा मला रिकामी दिसली होती. पण तिच्याही मागे शेवटच्या बाकावर तीन-चार जागा मोकळ्या होत्या. वाटलं, रुख्माबाई तिथे जाऊन पडल्या असतील. मोजणारा जन्मभराचा कंडक्टर, मी कोण बोलणार? मी बोललो नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. रूपरावजींना टेकडीवर मेंढ्या दिसल्या.

"अवं, पाह्य, कितीक मेंढ्या!" म्हणत ते वळले.

मग उठले. शेवटच्या बाकापर्यंत जाऊन आले. रुख्माबाई कुठेच नव्हत्या. त्यांनी पत्र्यावर एक थाप मारली. कॅलम मजेत हसला आणि गाडी चालवतच राहिला. त्याला दोन थापांचा अर्थ कळला होता, एका थापेचा नाही. तेव्हा मी उभा राहून ओरडलो, "स्टॉप! हिज वाइफ! वी लेफ्ट हिज वाइफ!" एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

त्या रस्त्यावर मध्येच वळता येत नाही. पुढचा फाटा येईपर्यंत रूपरावजी दाराचा दांडा धरून उभे होते. रुख्माबाईंजवळ फोन नव्हता. इंग्रजीतलं फक्त थँक्यू येत होतं.

"एकतीस वर्षांत एक पॅसेंजर मांगं सोडला नाई बाबूजी," ते म्हणाले. "अन् सोडला त घरचाच."

"सापडतील हो. तिथे माणसं आहेत."

"ते हरवाची नाई. पन आता मी सापडीन न तिच्या तावडीत."



पाऊण तासानं आम्ही परत पोचलो. रुख्माबाई फाटकाजवळच्या बाकावर डोक्यावर शाल घेऊन बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात हिरवा पाला. तिथल्या माहितीकेंद्राच्या इमारतीमागे कुंपणाशी त्यांना चाकवत दिसला होता. तो त्या खुडत बसल्या आणि इकडे गाडी सुटली.

दार उघडलं. रूपरावजी खाली उतरले. रुख्माबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"चाल न."

"गाडी भरली असंन. मी मांगच्या गाडीनं येतो."

"इथं मांगची गाडी नाई येत, अवं."

"मंग बसतो इथंच. बाक चांगला हाय."

"लोकं थांबून राह्यले."

"थांबू द्या. मी नाई थांबली?"

रूपरावजी पावसात भिजत होते. गाडीतली माणसं काचांना नाक लावून बघत होती. कॅलमनं घड्याळ पाहिलं आणि इंजिन बंद केलं. शहाणा माणूस.

"मोजलं होतं का मले?" रुख्माबाईंनी शेवटी विचारलं.

"मोजले न. पंधरा भरले."

"माह्या जाग्यावर कोन भरलं?"

रूपरावजींनी तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाले, "मीच."

त्यांनी सकाळपासूनचा सगळा हिशेब सांगितला. रुख्माबाई ऐकत होत्या. हसू दाबायला त्यांनी शालीचं टोक तोंडाशी धरलं, पण खांदे हलायला लागले.

"जिंदगीभर सोताले मोजलं नाई अन् आज मोजाले गेले. तेही माह्या सीटवर!"

"चुकलो."

"मंग आता सीट सोडा तुमची थे."

अशा अटीवर त्या गाडीत चढल्या. दाराजवळच्या सीटवर मी बसलो, आणि मोजायचं कामही माझ्याकडे आलं. मी प्रत्येक वेळी तीनदा मोजलं. रूपरावजी मागे रुख्माबाईंच्या शेजारी बसले. पुढच्या किल्ल्यात भलंमोठं स्वयंपाकघर होतं, चूल तर अख्खा बैल मावेल एवढी. ते पाहून रुख्माबाई म्हणाल्या, "हे सारवत कोन असंन?" रूपरावजी एवढे मोठ्यानं हसले की कॅलमही, काही न कळता, हसला.

वर्ध्याला परतल्यावर आम्ही अधूनमधून बसस्थानकावर भेटायचो. ते डोळ्यांच्या तपासणीला यायचे. शेवटची भेट गेल्या पोळ्याच्या आधीची. आर्वीची गाडी फलाटाला लागलेली होती. दोघं आत दोघांच्या सीटवर बसले होते, रुख्माबाई खिडकीशी. मी खाली उभा राहिलो. रुख्माबाईंच्या खांद्यावरून वाकून रूपरावजी माझ्याशी बोलत होते.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"थेंब देल्ले. पंधरा दिवसानं बलावलं."

"मग याल तेव्हा फोन करा."

"करतो न. तुमी जा आता बाबूजी, ऊन लागते."

"बरं," मी म्हणालो.