सर्व्हरच्या खोलीतले डबे

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी मेल सर्व्हर सांभाळते. म्हणजे सगळ्यांचे मेल वेळेवर येतात-जातात की नाही ते बघते, अपडेट टाकते, बॅकअप घेते आणि पासवर्ड विसरणाऱ्यांना बोलते. लागले होते डाटा एंट्रीला. सर्व्हर आला त्या दिवशी मालकांनी विचारलं, "हे कोणाला जमंल?" सगळे खाली बघायला लागले. मी खोक्यासोबतचं माहितीपत्रक वाचत होते. तेवढ्यावर ते काम माझं झालं.

सर्व्हरची खोली लहान, बिनखिडकीची. पण ऑफिसात चोवीस तास एसी चालणारी ही एकच. मे महिन्यात प्रत्येकाला तिथं काहीतरी काम निघायचं, म्हणून मी कुलूप लावलं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी गेटवर.

एसी बंद पडला की पहिला फोन यायचा तो मिरचीच्या पैदासकार सरांचा. मिरचीचे नवे वाण तयार करणं हे त्यांचं काम. "मॅडम, एसी बंद दिसून राह्यला. जल्दी बघा." सर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. महिन्याला एक मेल पाठवणार, तोही सगळा मजकूर विषयाच्या रकान्यात कोंबून. अशा माणसाला सर्व्हरची एवढी काळजी का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी आपली खूश, की एकाला तरी आपल्या कामाची कदर आहे.

मागच्या मेमध्ये आमचे मेल विक्रेत्यांच्या स्पॅममध्ये पडायला लागले. सर्व्हर इतका जुना झाला होता की त्याला अपडेट येणंच बंद झालं होतं. मग ठरलं, की सगळे मेल भाड्याच्या नव्या सर्व्हरवर न्यायचे, जुना बंद करायचा आणि खोली मार्केटिंगला द्यायची. एसी मीटिंगच्या खोलीत बसवायचा होता. त्यासाठी मेकॅनिक सोमवारी सकाळी येणार होता.

रविवारी सकाळीच मी मेलची नक्कल सुरू केली आणि केबली बघायला सर्व्हरचा रॅक पुढे ओढला. मागे स्टीलचे अकरा डबे. झाकणांना चिकटपट्टी, वर आकडे. बाहेर फरशी पुसणाऱ्या मावशींना हाक मारली.

"मावशी, हे काय?"

"सरांचे डबे हैत की. दोन-तीन वर्सं झाली. मी पुसते रोज."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"तुमी मशीनकडंच बघता न ताई. मला वाटलं, तुमीच ठिवू दिले."

'माझ्या परवानगीशिवाय इथं सुई ठेवायची नाही,' असं मी सगळ्या ऑफिसला ऐकवत आले होते. सरांना फोन केला. वीस मिनिटांत आले. शर्टाची बटणं एकेक घर चुकून लावलेली.

डब्यांत मिरचीचं बी होतं. हसनाबादच्या आसपासच्या शेतांतून वर्षानुवर्षं जमवलेलं. फळ आखूड, चमक कमी, म्हणून कंपनीनं त्या वाणाचं काम बंद केलं होतं. आणि बंद झालेल्या कामाचं बी कंपनीच्या शीतगृहात ठेवत नाहीत, नष्ट करतात.

"पण मर रोगात हे टिकतंय, मॅडम. सगळी रांग वाळून गेल्ती, अन् ह्याची झाडं हिरवीगार. घरी ठेवलं तर एका उन्हाळ्यात उगवण जाईल. उद्या एसी निघाला की खलास."

"मग मालकांना विचारलं का नाही?"

"विचारलं की न्हाई म्हणता येतंय. न विचारलेल्याला न्हाई कसं म्हणतील?"

मला राग आला, पण वेगळ्याच गोष्टीचा. "बॅकअप कुठाय?"

"कशाचा?"

"बियाण्याचा! अकराच्या अकरा डबे एका खोलीत, एका एसीच्या भरवशावर? दर महिन्याला मी सगळ्यांना बॅकअपवर मेल पाठवते. वाचता ना?"

"वाचतो की," सर म्हणाले. "विषय तेवढा."

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या.

नक्कल पूर्ण व्हायला अजून तीन-चार तास होते. आम्ही तिघं जमिनीवर बसलो आणि प्रत्येक डब्याचे तीन वाटे केले. सर मोजायचे, मी पाकिटावर आकडा घालायची, मावशी पाकीट चिकटवायच्या. पाचव्या डब्याला तिघांनाही शिंका सुरू झाल्या. "मशीनला ठसका लागंल आता," मावशी म्हणाल्या.

एक वाटा माझ्या घरच्या फ्रिजमध्ये जाणार होता. दुसरा हसनाबादच्या एका शेतकरी बाईंकडे. पहिली मिरची सरांना त्यांनीच दिली होती, या हंगामात त्या पेरणार होत्या. तिसरा मात्र शीतगृहातच हवा होता. लावणं-काढणं कंपनीच्या प्लॉटवर व्हायचं तर बी कंपनीत पाहिजे. त्याला मालकांचा होकार लागणार.

दुपारी नवा सर्व्हर सुरू झाला. चाचणीचा मेल पाठवायचा होता. मी सरांना खुर्चीत बसवलं.

"मालकांना लिहा. शीतगृहातला एक कप्पा मागा."

त्यांनी विषयापासून सुरुवात केली. मी त्यांना खालच्या मजकुराच्या चौकटीत आणलं. मग मात्र नीट पाच ओळी लिहिल्या: कुठला प्लॉट, किती झाडं मेली, किती उभी राहिली. बटणावर बोट ठेवून बराच वेळ थांबले.

"दाबा. आता 'न्हाई' आलं तरी दोन वाटे सुरक्षित आहेत."

दाबलं. मेल पोहोचल्याची नोंद मला दिसली. उत्तर काही आलं नाही.

सोमवारी साडेनऊला मेकॅनिक शिडी घेऊन हजर. सर शिडी आणि एसी यांच्या मधोमध उभे.

"भाऊ, चहा घ्या ना अजून."

"साहेब, तिसरा झाला."

"मंग चौथा घ्या. बिलकुल घाई न्हाई."

तेवढ्यात मालकांचा मेल आला. सरांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचलं: "एक कप्पा घ्या. पावसाळ्यात प्लॉट लावून मर रोगात टिकतंय ते दाखवा." खाली बघितलं, तर पान कोरं. सगळा मजकूर विषयाच्या रकान्यात.

"बघा मॅडम," सर म्हणाले, "मालक बी बराबर माझ्यासारखंच लिहितेत."

आणि स्वतःच शिडी धरून मेकॅनिकला म्हणाले, "चढा."